शेपटीवरचा रेडिओ

"शब्द मागे घ्या, मॅडम," असं म्हणून डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि चक्क इंजिन बंद केलं.

मी असं काय बोलले होते? एवढंच, की मिस लोरीनच्या कळपातली ती कानातल्या फाटक्या बिल्ल्याची गाय मला वांझ दिसते. झालं! बाहेर जॉर्जियातला ऑगस्ट, ए.सी. बंद, आजूबाजूला पाइनची झाडं आणि लाल माती, आणि हे गृहस्थ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलेले. अंगात निळा कोट, गळ्यात टाय, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

"वांझ ही शिवी आहे, निदान नाही. मागे घ्या, मग गाडी चालू होते."

"बरं बाबा, घेतला मागे!"

"आता सांगा, ती गाभण काऊन राहत नाही?"

"मला काय माहीत? मी प्रोग्रामर आहे."

"हां! असं म्हणायचं. 'मला माहीत नाही' म्हणायचं. आपल्याला माहीत नसलं की आपण गाईला नावं ठेवतो." आणि गाडी चालू झाली.

डॉक्टरांबरोबर प्रवास करायचा म्हणजे हे असं. भाकड म्हटलं की गाडी थांबे, वांझ म्हटलं की थांबे, आमचा अमेरिकन बॉस एकदा मागच्या सीटवरून "ही जनावरं बाद आहेत" म्हणाला तेव्हाही थांबली. बॉसला मराठी येत नव्हतं आणि डॉक्टर रागावले की इंग्रजी बोलत नसत. मला मधे बसून दुभाष्याचं काम करावं लागलं. बॉसनं शब्द मागे घेतला तेव्हा कुठे आम्ही जेवायला पोचलो.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. माझ्याबरोबर पुण्याहून आलेली सगळी पोरं अटलांटातल्या बँकांमध्ये आणि विमा कंपन्यांमध्ये चिकटली, आणि मी अल्फारेटातल्या एका चिमुकल्या कंपनीत. कंपनी काय बनवायची? गाय माजावर आली हे ओळखणारं यंत्र. आईला फोनवर मी "वायरलेसमध्ये आहे" असं सांगितलं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. काड्यापेटीएवढा एक ट्रान्समीटर, तो कापडी खिशात घालून गाईच्या कमरेवर, शेपटीच्या मुळाशी चिकटवायचा. गाय माजावर असली की कळपातली दुसरी गाय तिच्यावर चढते आणि ही हलत नाही, निमूट उभी राहते. तोच खरा पुरावा. चढणारीच्या छातीनं ट्रान्समीटरचं बटण दाबलं जातं, रेडिओवरून निरोप गोठ्याच्या छपरावरच्या अँटेनाला जातो आणि तिथून खालच्या कॉम्प्युटरला. काही तासांत असे दोन-तीन निरोप आले की माझ्या प्रोग्राममध्ये त्या गाईचा नंबर लाल व्हायचा. मग डॉक्टरांनी अर्ध्या दिवसाच्या आत जाऊन कृत्रिम रेतन करायचं.

प्रोग्राममध्ये मी ह्या सगळ्याला 'इव्हेंट' असं सोवळं नाव दिलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"इव्हेंट काय इव्हेंट! लग्न आहे का कोणाचं? माज म्हणा नं. गाईला लाज नाही, तुम्हाला कायची?"

डॉक्टर मूळचे नागपूरकडचे. तिथंच पशुवैद्यकीचं शिक्षण, मग कितीतरी वर्षं खेडोपाडी स्कूटरवर रेतनाचा डबा बांधून हिंडलेले, आणि तिशी ओलांडल्यावर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत आलेले. बोलणं असं मोकळंढाकळं, आणि कपडे मात्र कोर्टात उभं राहायचं असल्यासारखे. कुरणात सुटाबुटात जाणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एका हातात काळी छत्री, दुसऱ्यात घडीची खुर्ची. कुरणाच्या मधोमध खुर्ची मांडून, छत्री उघडून बसायचे आणि गाईंशी मराठीत बोलायचे. "काय बाई, काल कुठं होती? वासरू कसं आहे? लंगडून काऊन राहिली?" मी एकदा म्हटलं, डॉक्टर, ह्या अमेरिकन गाई आहेत. तर म्हणाले, "मॅडम, त्यांना इंग्रजी तरी कुठं समजते?"

कोटाबद्दल मी विचारलं होतं, अगदी पहिल्याच आठवड्यात. "आमच्या घरी भिंतीवर ज्यांचा फोटो आहे," ते म्हणाले, "ते तुम्हाला कधी बिनाकोटाचे दिसले का?" मला वाटलं, एवढंच कारण असेल. खरं कारण पुढे कळलं, आणि तेही मला सांगितलेलं नव्हतं.

आता मिस लोरीन. गावात सगळे तिला असंच म्हणायचे, मिस लोरीन. सत्तरीची, काटक, विधवा, नवऱ्यामागे काळ्या गाईंचा कळप एकटीनं सांभाळणारी. मांसाच्या धंद्यातल्या गाई ह्या. त्यांना कोणी पिळत नाही. वासरं घेऊन त्या कुरणात हिंडतात, आणि माणसाच्या नजरेला दिवसचे दिवस पडत नाहीत. दूधवाल्याची गाय रोज दोनदा समोर उभी राहते, तिचा माज चुकत नाही. ह्यांचा चुकतोच. त्यातून मिस लोरीनचा वळू म्हातारा होऊन एका पायानं अधू झालेला. पुष्कळ गाई गाभणच राहत नव्हत्या. आणि गाभण न राहणाऱ्या गाईला वर्षभर पोसणं म्हणजे घरातलं सगळं घालून बसणं.

तिचा मुलगा अटलांटात राहायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: कळप विक, जमीन बिल्डरला दे. आजूबाजूच्या दोन कुरणांवर घरं उठलीसुद्धा होती, एकसारखी, बेज रंगाची. मुलगा वाईट नव्हता हो. आईनं ह्या वयात चिखलात पाय घसरून पडू नये एवढंच त्याला हवं होतं. मिस लोरीननं त्याला शब्द दिला, की हा एक हिवाळा ह्या यंत्रवाल्यांना करू दे, गाई गाभण राहिल्या तर ठीक, नाहीतर नव्या वर्षात लिलावाचा ट्रक बोलव. म्हणजे सगळं आमच्यावर आलं, डॉक्टरांच्या हातावर आणि माझ्या पडद्यावर.

मध्येच आली वसुबारस. अल्फारेटात तेव्हा मराठी घरं मोजकीच, पण नलूकाकू होत्या. नलूकाकू असल्या की सण टळत नाही. त्यांचा फोन आला.

"अगं, तुझ्या ओळखीत गाय आहे म्हणे? वासरासकट?"

"काकू, आहेत, पण त्या काळ्या..."

"काळ्या का असेनात! इतकी वर्षं चांदीच्या गाईवर भागवतेय मी. सवत्स धेनू पाहिजे गं, खरी, श्वास घेणारी."

मी मिस लोरीनला विचारलं. तिला आधी काहीच कळलं नाही आणि मग इतका आनंद झाला की तिनं केस सेट करून घेतले. डॉक्टरांनी जागा निवडली खालच्या फाटकाची, तळ्यापलीकडे, रस्त्यालगत. वर गोठ्यापाशी चिखल होता, बायकांच्या साड्या खराब होतील म्हणून. तीन मिनीव्हॅन भरून मंडळी आली. काठापदराच्या साड्या, त्यावर जाकिटं आणि पायात स्नीकर्स.

पूजा काय व्हायची कपाळ! त्या गाई अर्ध्या रानटी. हात लावू देतील तर शपथ. काकूंनी फाटकाच्या अलीकडूनच हळदकुंकू उधळलं, एक गाय जोरात शिंकली आणि सगळा कळप दहा पावलं मागे. शेवटी गुळानं काम केलं. गुळाचा वास लागला तशी सगळ्यांत पुढे आली ती फाटक्या बिल्ल्याची.

"हिला नको," काकू म्हणाल्या. "हिच्यामागे वासरू कुठेय?"

"द्या, काकू," डॉक्टर फाटकाला टेकून उभे होते. "पुढच्या वर्षी सवत्स होते ती."

काकूंनी दिला. पण मनातून नाही, ते दिसत होतं.

मिस लोरीन कॉफी आणि लोणी लावलेली बिस्किटं घेऊन आली, तर एकीनंही हात लावला नाही. आज गहू चालत नाही, दूध चालत नाही. बिचारी गोंधळली. गाईचा सण आणि दूध नको? मी सांगितलं, की आजच्या दिवशी दूध वासराचं, म्हणून आपण घ्यायचं नाही. मिस लोरीन हसायलाच लागली. म्हणाली, माझ्याकडे तर वर्षभर तसंच असतं, मी जन्मात ह्यांना पिळलेलं नाही. डॉक्टर एवढे खूश झाले की छत्री फाटकावर आपटली. "ऐकलं का? ह्या बाईकडे रोज वसुबारस!"

आणि इथं नलूकाकूंनी तो प्रश्न विचारला. "गाईंची एवढी सेवा करता, केवढं पुण्य! आडनाव काय म्हणालात तुमचं?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"हो का," काकू म्हणाल्या. त्या 'हो का'चं वजन मराठी माणसाला सांगायला नको. मग जरा थांबून, "आणि मग दूध वासराला, तर वासरू कुठे जातं?"

"मोठं झालं की बाजारात. मांसाला."

एकीनं हातातला गूळ परत डब्यात ठेवला.

"आणि तुम्ही हे काम करता? गाईची औलाद वाढवायची, आणि त्यासाठी?"

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. छत्री मिटली, कोटाचं बटण लावलं आणि हळू आवाजात बोलले. "काकू, माझ्या आज्याचं काम होतं गावातली मेलेली ढोरं ओढायचं. बोलावणं आलं की निघायचं. अंगात सदरा घालून गेलेलं गावाला चालत नव्हतं, उघड्या अंगानं जा म्हणायचे. जिवंत ढोराला त्याला हात लावू देत नव्हते. मी जिवंत ढोरांचं काम करतो, त्याच्याही पुढचं, अजून जन्माला न आलेल्यांचं. म्हणून मी कोट घालून येतो. जन्म झाल्यावर ते कुठं जाईल ते ह्या देशाच्या लोकांनी ठरवावं, तुम्ही ठरवा, मी ठरवीन. पण आधी ते यायला तर पाहिजे."

प्रसाद वाटताना बाकीच्यांच्या हातावर काकूंनी नीट ठेवला आणि डॉक्टरांच्या तळहातावर वरून, जरा उंचावरून टाकला. मी पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, आणि तोंडात टाकला.

परतताना गाडीत मी नुसती फणफणत होते. तोंडाला येईल ते बोलले काकूंबद्दल, त्यांच्या चांदीच्या गाईसकट. डॉक्टर शांतपणे गाडी चालवत होते.

"मॅडम, त्या बाईनं फाटक्या बिल्ल्याला गूळ दिला नं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून!"

"मग? माझं ऐकलं. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ होते."

मला वाटलं, बायका परत येणार नाहीत. पण पुढच्या रविवारी मिस लोरीनचा फोन: तुमची मंडळी आली आहेत, डबे घेऊन. मुलांना गाई दाखवायला म्हणून आल्या होत्या म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. आणि त्यांत नलूकाकू पहिल्या! मांसाचा धंदा त्यांना पटला नव्हताच, पण गाईनं हातातून गूळ घेतला की काकूंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी नियम घालून दिला, एका गाईला लिंबाएवढा गूळ, पोळी-भात अजिबात नाही, पोट बिघडते. काकू तो नियम पोलिसासारखा पाळायच्या.

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंग झाल्यावर आम्ही सगळ्या गाईंच्या कमरेवर ट्रान्समीटर चिकटवले. कॉम्प्युटर गोठ्यातल्या पेंडीच्या खोलीत, पोत्यांशेजारी मांडला. आणि मी लाल नंबरांची वाट बघत बसले.

काहीच येईना. एखादा चुकार निरोप यायचा, की पुन्हा सामसूम. एक आठवडा, दोन आठवडे. मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. गोठ्यात उभं राहून अंगठ्यानं बटण दाबलं की पडद्यावर लगेच दिसायचं. म्हणजे यंत्र ठीक. बॉस येऊन बघून गेला आणि म्हणाला, यंत्र ठीक आहे म्हणजे गाईच... पुढचा शब्द त्यानं डॉक्टरांकडे बघून गिळला.

डॉक्टरांनी काय केलं? कोट काढला. डॉक्टर कोट काढायचे ते फक्त एकाच कामासाठी, गाईच्या आत हात घालून तपासायला. कोट खुंटीवर, शर्टाची बाही वर, खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा. एकेक गाय लोखंडी खोड्यात घेऊन तपासली. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "आत सगळं बरोबर आहे. बीजकोश कामाला लागले आहेत. गाई माजावर येऊन राहिल्या, मॅडम. आपल्याला सांगून नाही राहिल्या."

"मग सांगत का नाहीत?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे वाक्य इतकं मनापासून बोलणारा तज्ज्ञ मी दुसरा पाहिला नाही.

नाताळच्या आधी मुलगा आला, लिलाववाल्या माणसाशी बोलूनच. ट्रक ठरत होता. फाटक्या बिल्ल्याची सगळ्यांत आधी जाणार होती. मिस लोरीन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "डॉक, थांबण्यासारखं काही आहे का त्यांच्यात?"

"आहे," डॉक्टर आधी मराठीतच बोलून गेले आणि मग इंग्रजीत म्हणाले, "गाय तीन आठवड्यांनी परत माजावर येते. मला एक फेरी द्या. एकच."

मुलानं सुस्कारा सोडला. मिस लोरीन त्याला म्हणाली, "गाय परत येते, तसा ट्रकही परत येईल." त्यानं ट्रक पुढे ढकलला. पण जाताना मला म्हणाला, तिला खोटी आशा लावू नका, प्लीज.

तो रविवार होता. आम्ही तिच्या घरातून गोठ्याकडे निघालो, आणि कुरण रिकामं. एक गाय नाही.

"गाई कुठं गेल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"खालच्या फाटकाशी," मिस लोरीन म्हणाली. "तुमच्या रविवारच्या बायकांची वाट बघत. हल्ली त्या तिथंच असतात, रोज. कुठलीही मिनीव्हॅन रस्त्यानं गेली की हंबरतात."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. आधी गोठ्याच्या छपरावरच्या अँटेनाकडे पाहिलं, मग तळ्याच्या बांधाकडे, त्याच्यामागच्या लाल मातीच्या चढाकडे. आणि एकदम मला म्हणाले, "मॅडम, पडद्यासमोर बसा. निरोप आला की दारात येऊन टॉवेल हलवा. नाही आला तर हलवू नका. खोटा हलवू नका, मला बरं वाटावं म्हणून!"

एक जादा ट्रान्समीटर हातात घेऊन ते निघाले. निळा कोट, टाय, छत्री काखेत. थोडं चालायचे, अंगठ्यानं बटण दाबायचे आणि मागे वळून बघायचे. मी पडद्यावर बघायची, दारात पळायची, पिवळा टॉवेल हलवायची. तळ्यापर्यंत टॉवेल हलला. बांधावर हलला. चढाच्या माथ्यावर त्यांचं डोकं आणि छत्री तेवढी दिसत होती, तिथूनही निरोप आला. मग ते पलीकडे उतरले, दिसेनासे झाले. मी पडद्याकडे बघत बसले. काही नाही. काही नाही. काहीच नाही.

आणि मग चढावरून हा माणूस दोन्ही हात वर करून धावत येताना दिसला. टाय खांद्यावर, बुटांत चिखल. लांबूनच ओरडत होता, "माझी चूक! मॅडम, माझी चूक सापडली!"

एवढ्या आनंदानं कोणी आपली चूक जाहीर करतो का? ह्यांनी केली. धापा टाकत सांगितलं, "ते फाटक मीच निवडलं नं, साड्यांसाठी! गाई तिथं राहायला गेल्या. तिथंच बसतात, तिथंच माजावर येतात, तिथंच चढतात. त्या रोज ओरडून सांगून राहिल्या आणि मधे हा मातीचा ढीग!" मिस लोरीनला त्यांनी इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग ॲप्रननं डोळे पुसले.

मी म्हटलं, मग आजपासून गूळ वर आणू, गोठ्यापाशी. बायकांना सांगते.

"काऊन? गाईंना जागा आवडली आहे. गाईंना रेडिओपाशी नाही बोलवायचं, मॅडम, रेडिओ गाईंपाशी न्यायचा."

म्हणजे खालच्या फाटकाशी, खांबावर, निरोप पुढे ढकलणारी दुसरी अँटेना. ती आमच्या गाडीत होतीच. बायका डबे घेऊन आल्या तेव्हा आम्ही शिडी लावत होतो. नलूकाकूंच्या यजमानांनी शिडी धरली. डॉक्टर चढायला निघाले आणि थबकले. कोट काढायला हवा होता आणि ठेवायला जागा नव्हती. फाटक चिखलानं माखलेलं, गवत ओलं. ते कोट हातात घेऊन इकडेतिकडे बघत उभे राहिले.

"द्या इकडे," नलूकाकू म्हणाल्या.

डॉक्टर जरा घुटमळले. काकूंनी दोन्ही हात पुढे केले होते. कोट घेतला, झटकला, घडी करून हातावर ठेवला, आणि ते खाली उतरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, दुसरीकडे कुठंही न बघता. गूळ त्या दिवशी दुसऱ्या कोणी वाटला. उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "थँक यू, काकू." काकू म्हणाल्या, "आतलं अस्तर उसवलंय. पुढच्या रविवारी सुईदोरा आणते." मला त्या क्षणी काकूंचा पापा घ्यावासा वाटला, आणि दोन महिने मनात धरलेला राग एकदम निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेंडीच्या खोलीत शिरले आणि दारातच किंचाळले. पडदा लालेलाल. पुढचे तीन आठवडे डॉक्टर तिथंच राहिले, मिस लोरीनच्या वरच्या खोलीत. सकाळी माज तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी माज तर सकाळी. मी नंबर सांगायची, ते कोट काढायचे. नंतर नंतर तर ते घालायचेच नाहीत, वेळच मिळत नव्हता.

फाटक्या बिल्ल्याची गाय शेवटच्या दिवसांत लाल झाली. डॉक्टर तिच्यापाशी बराच वेळ उभे होते. तिच्या कानात काहीतरी बोलले. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "आमचं खासगी आहे."

मार्चमध्ये तपासणी. दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढा असतो, हाताला लागतो. एकेक गाय खोड्यात यायची, डॉक्टर डोळे मिटून हात घालायचे. मुलगाही आला होता, टोपी हातात धरून उभा.

"आहे!"

पुढची.

"आहे!"

एखादीत नसलं तर नाही म्हणायचे नाहीत, म्हणायचे, "पुढच्या फेरीत." पण अशा थोड्या. तिसऱ्या-चौथ्या गाईपासून मिस लोरीननं तो शब्द उचलला. डॉक्टरांचा चेहरा उजळला की त्यांच्याआधी हीच ओरडायची, जॉर्जियाच्या हेल काढलेल्या उच्चारात, "आऽहे!" फाटक्या बिल्ल्याच्या वेळी मात्र डॉक्टर इतके थांबले की मला रडूच फुटायच्या बेतात होतं. मग डोळे न उघडताच हळूच म्हणाले, "आहे." मुलानं टोपी डोक्यावर घातली आणि ट्रकला नको म्हणून सांगायला बाहेर गेला.

पण वासरं बघायला डॉक्टर राहिले नाहीत. उन्हाळ्यात कंपनीनं त्यांचं काम संपवलं आणि त्यांना नेब्रास्कात दुसरीकडे नोकरी मिळाली. जाताना खुर्ची मिस लोरीनकडे ठेवली. मला म्हणाले, "पोटात 'आहे' म्हणणं सोपं असते, मॅडम. जमिनीवर उभं राहिलेलं पाहिजे. मला कळवा."

मी मुद्दाम आधी कळवलं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर संपत आला, आणि वसुबारस आली. सकाळी मंडळी जमली, आणि फाटकाशी मिनीव्हॅन थांबताच चढावरून काळ्या गाई खाली आल्या, पायांत वासरं घेऊन. रेतनासाठी डॉक्टरांनी निवडलेला वळू पांढऱ्या तोंडाच्या जातीचा होता. त्यामुळे काळं अंग आणि पांढरंस्वच्छ तोंड, असली वासरं सगळीकडे उड्या मारत होती. कोणती डॉक्टरांची हे विचारायचं कारणच नव्हतं. फाटक्या बिल्ल्याची सवयीनं पहिली आली, आणि तिच्यामागे, चारच दिवसांचं, पाय अजून सांभाळत नाहीत असं एक पांढरं तोंड.

नलूकाकूंनी ताम्हन माझ्या हातात दिलं. "पूजा थांबू दे. आधी त्यांना फोन लाव!"

आम्ही मिस लोरीनच्या स्वयंपाकघरात गेलो, आणि गुळाच्या वासानं सगळा कळपही चढ ओलांडून आमच्यामागे आला. भिंतीवरचा फोन, त्याची लांबच लांब वळ्यावळ्यांची वायर खिडकीपर्यंत पोचायची. सुट्टीचा दिवस, नेब्रास्कात घड्याळ तासभर मागे. पलीकडे डॉक्टरांचा झोपाळू आवाज आला, "हॅलो?" मी तोंड उघडायच्या आत मिस लोरीननं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. खिडकीतून कुरणाकडे बघत, एकेका वासरावर बोट ठेवत ती बोलायला लागली.

"डॉक? आहे. आहे. आहे. आहे..."

बोट फिरत राहिलं आणि ती म्हणत राहिली. काकूंना धीर निघेना. मागूनच ओरडल्या, "अहो डॉक्टर, ती फाटक्या बिल्ल्याची! सवत्स झाली हो!"

पलीकडून काहीच आवाज येईना. मिस लोरीननं घाबरून रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"डॉक्टर? ऐकताय ना?"

"ऐकून राहिलो," ते म्हणाले. "मॅडम, एक मिनिट थांबा. फोन ठेवू नका. मी उघडाच उभा आहे इथं. कोट घालून येतो, मग पहिल्यापासून सांगा."

मी त्या दोघींना सांगितलं, थांबायला सांगितलंय, कोट घालायला गेलेत. नलूकाकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "घालू देत, घालू देत. आपल्याला कसली घाई आहे?"